लाल डब्याजवळची खुर्ची

नाशिकहून पत्र आलंय ते असं. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, बाकी भाषा त्यांचीच.

"ताई, मी ४३ वर्षांचा. अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत १७ वर्षं झाली. डिप्लोमा करून ट्रेनी लागलो, वेल्ड शॉपचा शिफ्ट इनचार्ज झालो. गेल्या पावसाळ्यात आमच्या लाइनवरून नट न लागलेले ब्रॅकेट कस्टमरकडे गेले. त्यांची लाइन थांबली, डेबिट नोट आली. फिक्स्चरवरचा सेन्सर सारखा ट्रिप व्हायचा म्हणून आठवडाभर बायपास करून ठेवला होता. वरच्यांना माहीत होतं, पण तोंडी. मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडलं नाही. मला स्टोअरला टाकलं, म्हणजे रिजेक्शन यार्ड आणि स्क्रॅप. मी ज्याला काम शिकवलं तो आता माझ्या जागी आहे. पगार तोच, इन्क्रिमेंट शून्य.

मिसेसला सांगितलेलं नाही. फ्लॅटचा हप्ता २१ हजार, मुलगी दहावीला. पहिल्या शिफ्टला जातो तसा रोज सव्वासहाला निघतो. स्टोअर साडेआठला उघडतं. तोवर पांडवलेण्याच्या पायथ्याशी गाडी लावून बसतो. चार महिने झाले. मोबाइलवर व्हिडिओ बघतो. सगळे सांगतात, ध्येय शोधा, पर्पज शोधा. मला काही सापडत नाही. वडिलांना अर्धवट सांगितलंय. निफाडला दोन एकर द्राक्षबाग आहे त्यांची. ते म्हणतात, वेल खरडल्याशिवाय माल येत नाही. तेही पटत नाही. एक ॲप्रेंटिस पोरगा तेवढा जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग घेऊन येतो, बाकी कोणी फिरकत नाही. १७ वर्षांचा अर्थ काय? सोडून देऊ का? – अंबडचा भंगारवाला"

भाऊ,

आधी त्या सहीबद्दल. भंगाराचा धंदा करणारी माणसं सकाळी उजळ माथ्याने हातगाडी घेऊन निघतात, हाका मारत गल्लीतून जातात. लपूनछपून तुम्ही निघता. तेव्हा ते नाव तुम्हाला शोभत नाही.

वडिलांशी मी वाद घालणार नाही, बागायतदार ते आहेत, मी नाही. पण तुम्हाला त्यांचं का पटत नाही ते मला कळतं. बागायतदार कात्री चालवतो ती वेलाचं पुढचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून. तुमच्यावर कात्री चालवणाऱ्यांनी तुमचं पुढचं वर्ष बघितलं नाही, स्वतःची मीटिंग निभावून नेली. छाटणी वेगळी आणि फांदी मोडणं वेगळं. एवढं मात्र वडिलांकडून घ्या: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत फळ नसतं, काडी तयार होत असते. फेब्रुवारीत जो घड तुम्ही तोडता तो मे-जूनमध्येच डोळ्याच्या आत घडायला लागलेला असतो, बाहेरून दिसत नाही. त्या महिन्यांत तुमचे वडील वेलाला "तुझा अर्थ काय" असं विचारत बसत नाहीत, पाणी आणि फवारणी बघतात. तुम्ही चार महिने फक्त अर्थ विचारताय.

म्हणून ध्येय तूर्त बाजूला ठेवू. आधी तो ब्रॅकेट हातात घेऊ.

सेन्सर म्हणजे पोका-योके, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या शब्दाची गोष्ट मात्र कदाचित तुमच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितली नसेल. जपानमध्ये या युक्त्यांना आधी 'बाका-योके' म्हणायचे. बाका म्हणजे मूर्ख. १९६३च्या सुमारास तिथल्या एका मोटार-बॉडी कारखान्यात असं एक साधन बसवलं. तुम्ही लोक डावा-उजवा पार्ट अदलाबदल करता म्हणून हे बसवलंय, असं साहेबाने सांगितल्यावर एक कामगार बाई रडायला लागली: मी खरंच इतकी मूर्ख आहे का? दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिथले उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी नावच बदललं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. चूक होणारच, ती पुढे जाऊ नये एवढंच त्या साधनाचं काम. आपल्याकडच्या प्रत्येक प्लांटच्या भिंतीवर हा शब्द लिहिलेला असतो आणि मीटिंगमध्ये मात्र पुन्हा बाका शोधायला बसतात. तुमच्या मीटिंगमध्ये तो तुमच्या रूपात सापडला.

आता तुम्ही स्वतःपुरतं व्हाय-व्हाय करा. कंपनीने फाइलला लावलं असेल ते नाही, खरं. मी अंदाजाने लिहिते, तुम्ही दुरुस्त करा. नट का लागला नाही? फीडरमध्ये अडकला. तरी पार्ट पुढे का गेला? सेन्सर बंद होता. बंद का? सारखा ट्रिप व्हायचा. ट्रिप का? स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडालेले थेंब, साचत असेल, नाहीतर केबल गेली असेल. मग दुरुस्त का नाही केला? मेंटेनन्सला लाइन दोन तास थांबवून हवी होती, ती कोणी दिली नाही. या पाच ओळींत तुमचं नाव कुठे येतं? मला एकाच ठिकाणी दिसतं: शिफ्टच्या लॉगबुकात बायपासची नोंद नाही. 'तोंडी' हा शब्द तुम्ही स्वतःच लिहिलाय. तेवढी चूक तुमची, अगदी निखळ तुमची. ती कबूल करा आणि तिथेच थांबा. बाकीच्या चार ओळी दुसऱ्यांच्या आहेत. कोणी उचलत नाही म्हणून त्या रोज सकाळी डिकीत घालून पांडवलेण्याला नेऊ नका.

हे मी कोरडेपणाने लिहिते असं वाटेल. १९९६ साली मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बुश बनायचे, म्हणजे शाफ्टवर चढणाऱ्या पोकळ नळ्या; २५ मिलिमीटरचं बोअर, म्हणजे आतलं भोक. माझं काम प्लग गेज घालून बघण्याचं: गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये. मी सही केलेला एक लॉट परत आला. कस्टमरच्या शाफ्टवर बुश चढेना. गेज तपासलं तर गो बाजू १२ मायक्रॉन झिजलेली. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरतात, म्हणजे केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. गेज बारीक झालेलं, त्यामुळे बोअर लहान असलं तरी ते खुशाल आत जायचं. कॅलिब्रेशनची तारीख उलटून तीन महिने झाले होते, कारण लॅबचं मागचं बिल थकलं होतं. पण कागदावर सही होती माझी. "बायकांना इन्स्पेक्शनला घेतलं की असंच होणार," हे वाक्य माझ्या समोर, चहाचा कप हातात धरून म्हटलं गेलं.

शिक्षा म्हणून मला सॉर्टिंगला बसवलं. शेडच्या मागे, पत्र्याखाली, ४,२०० बुश. एकेक उचलायचा, रस्ट ऑइल पुसायचं, नवं गेज घालायचं, चांगला डाव्या क्रेटमध्ये, वाईट लाल डब्यात. पहिले दोन दिवस मी फक्त रडले आणि पुसलं. बोटांच्या कडेला ऑइल मुरून नखं काळी झाली होती, पोळी मोडताना वास यायचा. तिसऱ्या दिवशी निव्वळ कंटाळा आला म्हणून मी वाईट बुश तारखेप्रमाणे वेगळे मांडायला लागले, बॅचचा नंबर कोरलेला असायचा. दुपारपर्यंत शेडच्या फरशीवर ओळी तयार झाल्या आणि मला दिसलं की एका मंगळवारच्या आधीची ओळ जवळजवळ रिकामी आहे आणि त्यानंतरची वाढत गेली आहे. त्या मंगळवारपासून रीमर, म्हणजे बोअर मापाला आणणारं हत्यार, बदललेलाच नव्हता. झिजलेला रीमर बोअर लहान पाडत होता आणि झिजलेलं गेज त्याला पास करत होतं. दोघांची छान जमली होती.

साहेबाने ते बघितलं नाही. टूलरूममधले एक म्हातारे फिटर होते, ते मात्र आले, उकिडवे बसले, बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, हे तू वहीत उतरव." मला शाबासकी, बढती काही मिळालं नाही. तो कारखाना पुढे बंदही पडला. पण वाईट पार्ट हातात आला की तो कुठून आला असेल हे शोधत जायची सवय मला त्या पत्र्याखाली लागली आणि पुढची वीस-बावीस वर्षं मी त्याच सवयीवर भाकरी खाल्ली. ध्येय हा शब्द तेव्हा माझ्याकडे नव्हता. असता तर बहुधा त्याच्याच नादाला लागून फरशीवरच्या ओळी बघायच्या राहून गेल्या असत्या.

तर तुमचा लाल डबा.

तुम्हाला जिथे टाकलंय ती प्लांटमधली अशी एकमेव जागा आहे जिथे सगळ्या शॉपच्या चुका चालत येतात. प्रेस शॉपवाल्याला त्याचाच बर, म्हणजे पत्र्याच्या कडेची कूस, दिसतो, पेंटवाल्याला त्याचीच ओघळ. तुमच्याकडे सगळं येतं, रोज, टॅग लावून. क्वालिटी मॅनेजरला हे महिन्याच्या शेवटी टक्केवारीत कळतं, तुम्हाला सकाळी दहा वाजता हातात मिळतं. वेल्डिंगमध्ये १७ वर्षं काढलेला माणूस रिजेक्शन यार्डात बसवणं हा कंपनीचा मूर्खपणा आहे, पण त्या मूर्खपणाचा फायदा तुम्ही घ्यायला हरकत नाही. दोनशे पानी वही आणा. तारीख, पार्ट, कोणती शिफ्ट, कोणता दोष, किती नग, आणि शेवटचा रकाना 'मला काय वाटतं'. महिनाभर कोणाला दाखवू नका, मेल तर अजिबात टाकू नका. तुमची आत्ता जी परिस्थिती आहे तीत कोणतीही मेल तक्रार म्हणूनच वाचली जाईल. महिन्यानंतर तीन-चार दोष स्वतःहून वर येतील. त्यातला एक, तुमच्या जुन्या लाइनचा सोडून दुसराच, मेंटेनन्सच्या एखाद्या समंजस माणसाला चहावर दाखवा.

अमेरिकेत २००१ साली दोन संशोधक बाईंनी एका हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांवर लिहिलं होतं. हुद्दा एक, झाडू-फडकं एकच. पण काहींच्या लेखी ते फरशी पुसणं होतं, तर काहींच्या लेखी आजाऱ्याची शुश्रूषा. दुसऱ्या गटातले लोक रुग्णांशी बोलायचे, नर्सची वेळ सांभाळून काम लावायचे, कोणी सांगितलेलं नसताना. साहेब तेच, पगार तोच, काम मात्र त्यांनी स्वतःच्या मापाने बेतून घेतलं होतं. आपल्या कंपन्यांत याचे हल्ली अर्ध्या दिवसाचे ट्रेनिंग होतात आणि समोसे वाटतात. तुम्हाला त्याची गरज नाही, कारण तुमच्याकडे ते आधीच चालू आहे. पत्रात तुम्ही ते वाक्य जाता जाता टाकलंय, 'एक ॲप्रेंटिस पोरगा तेवढा'. तो पोरगा जेवणाची सुट्टी अर्धी करून, कँटीनपासून यार्डापर्यंत चालत, ज्याच्याशी बोलल्याने त्याचा काहीही फायदा नाही अशा माणसाकडे येतो. तुम्ही त्याला 'बाकी कोणी फिरकत नाही'च्या हिशेबात घातलाय. १७ वर्षांचा अर्थ मला विचारण्यापेक्षा त्याला विचारा ना, की बाबा रे, नवा इनचार्ज लाइनवर उभा असताना तू माझ्याकडे का येतोस?

आणि हे एकट्याने निभावून न्यायचा हट्ट सोडा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तुम्हाला माहीत असेल, विहिरी खोदायचं काम केलेला, सैन्यात जाऊन वल्हवायला शिकलेला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोचलेला. त्याच्या रिओबद्दल सगळे बोलतात, मला २०१८च्या आशियाई स्पर्धेतले दोन दिवस जास्त आठवतात. पहिल्या दिवशी एकट्याच्या नावेची फायनल: अंगात ताकद नव्हती, शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी चौघांच्या नावेत बसला आणि सुवर्णपदक घेऊन उतरला. हात तेच होते, तब्येत एका रात्रीत काही फार बदलली नसणार. तुमच्या नावेत सध्या कोण आहे? मोबाइलमधले वक्ते सोडून बोला.

पायथ्याशी काढलेल्या त्या पावणेदोन तासांबद्दल. ते एकदम बंद होणार नाहीत, म्हणून निदान पाच दिवस तरी ते कामाला लावा. १९९४ साली अमेरिकेत नोकरी गेलेल्या ६३ लोकांवर एक प्रयोग झाला होता. त्यातल्या एका गटाला पाच दिवस, रोज २० मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितलं. दुसऱ्यांना इकडचं तिकडचं लिहायला दिलं, काहींना काहीच नाही. मनातलं लिहिणाऱ्यांना पुढे इतरांपेक्षा लवकर नोकरी लागली. गंमत म्हणजे त्यांनी खटपट इतरांपेक्षा जास्त केली होती असंही नाही. बदलला होता तो जुन्या नोकरीकडे बघण्याचा सूर. माझा कयास असा की मुलाखतीला जाताना ती माणसं राग घरी ठेवून गेली. तुम्ही गाडीत बसून लिहा, शुद्धलेखन बघू नका, शिव्या येतील त्या येऊ द्या, नंतर फाडा. मान वर केलीत तर डोक्यावरच्या दहाव्या लेण्यात एक जमाखर्च कोरलेला आहे: नहपान राजाच्या जावयाने तीन हजार कार्षापण नाण्यांची ठेव ठेवल्याचा. ती ठेवली होती इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, भिक्षूंचा खर्च व्याजातून चालावा म्हणून. कारागिरांच्या भरवशावर ठेवी ठेवणारं गाव आहे हे. उगाच आठवलं.

सोडू का, हा प्रश्न राहिला. रागाच्या भरात नाही, आणि 'कधीच नाही' असंही नाही. नाशिककराला पुराचं माप सांगावं लागत नाही. गोदेच्या काठावरचा दुकानदार पाणी दुकानात शिरेपर्यंत थांबत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी मूर्तीच्या पायाशी आहे तोवर चहा पितो, कमरेला लागलं की माल वर चढवायला घेतो, छातीशी आलं की कुलूप लावून निघतो. तुम्ही तुमच्या खुणा आजच, डोकं थंड असताना ठरवा. माझ्या मते तुमची आत्ताची अवस्था गुडघ्याएवढी आहे: जागा गेली, पगार आहे. पुढच्या ॲप्रेझललाही शून्य आलं तर ती कंबर समजा. पगार थकायला लागला किंवा न केलेल्या गोष्टीवर सही मागितली तर ती छाती. मग निघायचंच, आणि तशी सही कोणत्याही परिस्थितीत करायची नाही.

माल वर चढवणं म्हणजे काय तेही सांगते. बायोडेटा आजच तयार करा, त्यात 'स्टोअर' लिहायला लाजू नका, रिजेक्शन अ‍ॅनालिसिस असं लिहा आणि वहीमुळे ते खरंही असू द्या. सिन्नर, गोंदे, सातपूर इथल्या ओळखींना निवांत फोन करा. रडगाणं नको, नुसती विचारपूस. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत राजीनामा नाही. तुमची ग्रॅच्युइटी काढून बघा: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले १७. बेसिक समजा ३२ हजार असेल तर साधारण ३ लाख १४ हजार होतात. पीएफ मोडू नका, नव्या खात्यात वळवा. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली आहे, पेन्शनचा हक्क त्यात आहे. हे आकडे कागदावर आले की झोप थोडी बरी लागते असा माझा अनुभव आहे. तरीही रात्री-रात्री डोळा लागत नसेल, किंवा त्या पायथ्याशी बसल्या बसल्या 'आपण नसतोच तर' असे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यासाठी माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका.

आता घरचं. वडिलांना अर्धं आणि मिसेसना शून्य, ही वाटणी मला कळलेली नाही. हप्ता त्यांच्याही डोक्यावर आहे. आणि चार महिने रोज सव्वासहाचा डबा करायला ती बाई पाचला उठते, ज्या शिफ्टला तुम्ही जातच नाही तिच्यासाठी. हे मला तुमच्या त्या ब्रॅकेटपेक्षा जास्त लागलं. येत्या रविवारी त्यांना गाडीत बसवा, पांडवलेण्याला न्या, जिथे गाडी लावता त्याच जागी थांबा आणि सांगा. तिथे सांगितल्याने फार शब्द लागणार नाहीत. त्या चिडतील. स्टोअरवर नाही चिडणार, डब्यावर चिडतील. मध्ये बोलू नका, 'तुला त्रास नको म्हणून' हे वाक्य तर चुकूनही काढू नका. त्यांचं बोलून झालं की दोघांनी मिसळ खा. भूक लागलेली असेल, चार महिन्यांनंतर पहिल्यांदा.

मुलीला दहावीचा पेपर संपेपर्यंत सांगायचं की नाही हे दोघांनी मिळून ठरवा. माझं मत 'सांगून टाका' असं आहे, त्या वयाच्या मुलींना बहुतेक आधीच कळलेलं असतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलीच नाहीत. तो पोरगा ड्रॉइंग घेऊन येतो ते कशाचं?